शोकगीत म्हणजे हजेरी नव्हे

२००८ चा डिसेंबर. मुंबईवरच्या हल्ल्याला आठ-दहा दिवस झाले असतील. आमच्या ऑफिसात श्रद्धांजलीचा छोटासा कार्यक्रम ठेवला होता. मेणबत्त्या लावल्या, दोन मिनिटं शांतता पाळली. मग एका तरुण सहकाऱ्यानं गिटार काढली आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘माय सिटी ऑफ रुइन्स’ म्हटलं. आवाज बेताचाच होता त्याचा, पण खोलीतली निम्मी माणसं डोळे पुसत होती. त्यात मीही होतो. सीएसटीवरून मी रोज लोकल पकडायचो. जिथं माणसं पडली ती फरशी माझ्या रोजच्या पायाखालची होती.

गाणं संपलं तसे एक वरिष्ठ माझ्याजवळ आले. माणूस चांगला, मनात काही काळंबेरं नाही. हळूच म्हणाले, “तुम्ही जरा पुढं येऊन उभे राहा ना. दोन शब्द बोला, तुमच्या समाजाच्या वतीनं. बरं दिसेल.” मी गेलो. बोललो. इस्लाम म्हणजे शांती, हे कृत्य करणाऱ्यांचा आमच्याशी संबंध नाही, वगैरे वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रद्धांजलीच्या सभेत टाळ्या! मी रडायला गेलो होतो, खुलासा देऊन परत आलो.

त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत. राष्ट्रावर आघात झाला की गाणी माणसांना एकत्र आणतात, असं आपण सहज म्हणून जातो. खरंही आहे ते. पण एकत्र येणाऱ्यांत कोण शोक करायला आलेला असतो आणि कोणाला हजेरी लावायला बोलावलेलं असतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आज तो विचारायचा आहे. आणि त्यासाठी मला त्या गाण्याच्या मागं, २००१ च्या अमेरिकेत जावं लागणार आहे.

यादीतली गाणी

‘माय सिटी ऑफ रुइन्स’ मुंबईसाठी लिहिलेलं नव्हतं हे उघड आहे. पण ते न्यू यॉर्कसाठीही लिहिलेलं नव्हतं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ॲसबरी पार्क नावाचं शहर आहे. एकेकाळी गजबजलेलं, पुढं उजाड झालेलं. स्प्रिंगस्टीनची गायकी तिथल्याच क्लबांमध्ये वाढली. आपल्या त्या पडक्या गावासाठी त्यानं हे गाणं रचलं, हल्ल्याच्या आधी. ११ सप्टेंबर २००१ ला जुळे मनोरे कोसळले, सुमारे तीन हजार माणसं गेली, आणि दहा दिवसांनी, २१ सप्टेंबरच्या रात्री अमेरिकेच्या तीसहून अधिक वाहिन्यांवर एकाच वेळी दाखवलेल्या मदतनिधीच्या कार्यक्रमाची सुरुवात या गाण्यानं झाली. समोर प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. मेणबत्त्या, गायक, आणि मृतांसाठी गाणी. एका गावाचं दुःख दुसऱ्या शहराला उसनं देता येतं आणि ते कमी होत नाही, हे त्या रात्री दिसलं. सात वर्षांनी तेच दुःख आमच्या ऑफिसातही आलं.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू त्याच आठवड्यातली आहे. क्लिअर चॅनल ही तेव्हाची अमेरिकेतली सर्वांत मोठी रेडिओ कंपनी, हजाराहून अधिक स्टेशनांची मालक. तिच्या स्टेशनांमध्ये एक यादी फिरली. सध्या वाजवण्याआधी विचार करावा अशी दीडशेहून अधिक गाणी त्यात होती. कंपनीनं पुढं सांगितलं की ही बंदी नव्हे. नसेल. पण यादी वाचण्यासारखी आहे. विमान, आग, पडणं असे शब्द असलेली गाणी त्यात होती. ते समजू शकतं, लोकांच्या जखमा ओल्या होत्या. पण त्याच यादीत जॉन लेननचं ‘इमॅजिन’ होतं. सायमन आणि गारफंकल यांचं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ होतं. ‘वॉक लाइक ॲन इजिप्शियन’ होतं. त्या बिचाऱ्या गाण्याचा गुन्हा एवढाच की त्याच्या नावात इजिप्त होता. रेज अगेन्स्ट द मशीन या बँडची तर सगळीच्या सगळी गाणी होती.

आणि कॅट स्टीव्हन्सचं ‘पीस ट्रेन’ होतं. शांततेची आगगाडी. कॅट स्टीव्हन्स म्हणजेच युसूफ इस्लाम. १९७७ मध्ये इस्लाम स्वीकारलेला, गिटार बाजूला ठेवलेला इंग्रज गायक. त्याचं ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ही यादीत होतं, आणि ते तर मुळात ख्रिस्ती भजन!

२१ सप्टेंबरच्या कार्यक्रमात मात्र नील यंगनं ‘इमॅजिन’च म्हटलं. पॉल सायमननं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’च म्हटलं. या दोघांनी यादी पाहिली होती की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. रेडिओच्या ऑफिसात ज्या गाण्यांची भीती वाटली, तीच गाणी शोक करणाऱ्यांना जवळची वाटली, एवढं मला पुरेसं आहे.

मुहम्मद अलीलाही सुटका नव्हती

त्याच रात्रीचं आणखी एक दृश्य. अभिनेता विल स्मिथबरोबर मुहम्मद अली पडद्यावर आले. पार्किन्सननं शरीर जखडलेलं, बोलणं अवघड झालेलं. ते काय बोलले? आपण मुसलमान आहोत, इस्लाम म्हणजे शांती, हत्येला तो मानत नाही. जगातला सर्वांत प्रसिद्ध मुसलमान, अमेरिकेला ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकून देणारा माणूस, आपल्याच देशाच्या शोकसभेत तेच बोलत होता जे सात वर्षांनी मी ऑफिसात बोललो.

कुणी म्हणेल, त्यांनी ते मोठ्या मनानं केलं. हो, आणि त्याचा उपयोगही झाला असेल. त्या दिवसांत त्याची गरजच होती. १५ सप्टेंबरला ॲरिझोनात बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घालून मारलं गेलं. दाढी आणि पगडी पाहून मारेकऱ्यानं त्यांना मुसलमान समजलं. एफबीआयच्या नोंदींत मुसलमानांविरुद्धचे द्वेषगुन्हे २००० मध्ये २८ होते, २००१ मध्ये ४८१ झाले. अशा वेळी अली बोलले नसते तर कोण बोललं असतं? माझं भांडण अलींशी नाही. त्या रात्री बाकी कुठल्याही कलाकाराला आपला धर्म समजावून सांगावा लागला नाही. ते आले, गायले, रडले आणि गेले. एकाच माणसाला आधी खुलासा द्यावा लागला. माझं भांडण त्याच्याशी आहे.

त्या कार्यक्रमाचा एक तपशील मला फार आवडतो. पर्ल जॅमच्या एडी वेडरनं नील यंगबरोबर ‘लाँग रोड’ म्हटलं. हेच गाणं वेडरनं काही वर्षांपूर्वी ‘डेड मॅन वॉकिंग’ या १९९५ च्या चित्रपटासाठी नुसरत फतेह अली खान यांच्याबरोबर गायलं होतं. नुसरत साहेब १९९७ मध्येच गेले. पण फैसलाबादच्या त्या कव्वालाचा सूर ज्या गाण्यात एकदा मिसळला होता, ते गाणं अमेरिकेच्या शोकाच्या रात्री वाजत होतं. कुणी ते सांगितलं नाही, कुणी त्याचं प्रदर्शन मांडलं नाही. मला हवी असलेली एकता ती ही. नुसरत त्या गाण्यात आधीपासून होते. त्यांना पुढच्या रांगेत उभं करावं लागलं नाही.

महिनाभरात काय बदललं

२० ऑक्टोबरला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुसरा मोठा कार्यक्रम झाला. पॉल मॅकार्टनी, डेव्हिड बोवी, द हू, सगळे आले. समोर अग्निशमन दलाचे आणि पोलिसांचे लोक, त्यांची कुटुंबं. ज्यांनी आपले सोबती ढिगाऱ्याखाली गमावले होते त्यांनी त्या रात्री ओरडून, नाचून, बिअर पिऊन मन मोकळं केलं. त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण मधल्या काळात ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बाँब पडायला सुरुवात झाली होती. त्या मंचावर अभिनेता रिचर्ड गिअर करुणेबद्दल बोलू लागला, तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. महिन्याभरापूर्वी मेणबत्त्यांच्या उजेडात ‘इमॅजिन’ ऐकणारा देश आता करुणेचा शब्द ऐकायला तयार नव्हता. द हूनं ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ वाजवलं तेव्हा सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. ते गाणं मुळात नव्या नेत्यांच्या जुन्या थापांना पुन्हा फसू नका असं बजावणारं. दीड वर्षात त्याच देशाला इराकमधल्या महासंहारक शस्त्रांची कहाणी विकली गेली, आणि देशानं ती घेतली. ती शस्त्रं कधीच सापडली नाहीत.

त्या रात्रीच्या प्रक्षेपणाआधी एक चित्रफीत दाखवली गेली. तिच्यात युसूफ इस्लामनं हल्ल्याचा निषेध केला आणि वीसहून अधिक वर्षांनी पहिल्यांदाच लोकांसमोर ‘पीस ट्रेन’ म्हटलं, वाद्यांशिवाय. आपल्या मानधनातला हिस्सा त्यानं मृतांच्या कुटुंबांसाठी दिला. हा माणूस निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. १९८९ च्या रश्दी प्रकरणात तो जे बोलला ते मला पटत नाही, आणि ते विसरावं असंही मी सांगणार नाही. पण अमेरिकेच्या दुःखात त्याच्याकडून जे अपेक्षित होतं ते सगळं त्यानं केलं. निषेध केला, गायला, पैसे दिले. मग २१ सप्टेंबर २००४ ला, त्या मेणबत्त्यांच्या रात्रीनंतर बरोबर तीन वर्षांनी, तो लंडनहून वॉशिंग्टनला निघाला असताना त्याचं विमान वाटेत मेनमध्ये उतरवलं गेलं. त्याचं नाव प्रवासबंदीच्या यादीत निघालं. त्याला परत पाठवलं. आधी गाणं यादीत, मग माणूस यादीत.

गायकाचं सोडा, जीव दिलेल्याचं काय झालं? मोहम्मद सलमान हमदानी, वय २३, कराचीत जन्मलेला, न्यू यॉर्क पोलिसांचा कॅडेट. ११ सप्टेंबरला तो लोकांना वाचवायला मनोऱ्यांकडे धावला आणि परतला नाही. आई-वडील शोधत फिरत होते आणि इकडं त्याच्यावर संशय घेतला जात होता; तो लपला असेल अशी चर्चा वर्तमानपत्रापर्यंत गेली. ऑक्टोबर २००१ च्या पेट्रियट कायद्यात त्याचं नाव शूर अमेरिकन म्हणून आलं. म्हणजे ज्या कायद्यानं हजारो मुसलमानांच्या घरांवर सरकारी नजर ठेवायला मोकळीक दिली, त्याच कायद्याला शोभा म्हणून एका मुसलमान पोराचा मृत्यू वापरला गेला! त्याच्या अवशेषांची ओळख पटली ती मार्च २००२ मध्ये. आणि न्यू यॉर्कच्या स्मारकावर त्याचं नाव मदतीला धावलेल्यांच्या रांगेत नाही, दुसरीकडेच आहे.

म्हणून ‘गाण्यानं सगळे एक झाले’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, त्या ‘सगळ्यां’त सलमान होता का?

मग कुठलं गाणं?

स्प्रिंगस्टीनचा ‘द रायझिंग’ हा अल्बम ३० जुलै २००२ ला आला. वृत्तपत्रात छापून आलेले मृतांचे परिचय वाचून त्यानं काही कुटुंबांना फोन केले होते. त्याचा परिणाम गाण्यांत दिसतो. एका गाण्यात घर जसंच्या तसं आहे, फक्त माणूस नाही. एकात आगीत जिना चढत गेलेला जवान आहे. शत्रूला धडा शिकवण्याची भाषा शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. ‘वर्ल्ड्स अपार्ट’मध्ये युद्धाच्या दोन बाजूंची दोन माणसं एकमेकांवर प्रेम करतात, आणि त्यात पाकिस्तानी कव्वाल आसिफ अली खान आणि त्यांच्या साथीदारांचे आवाज आहेत. आणखी एका गाण्याची सुरुवात तर आत्मघाती हल्लेखोराच्या मनात शिरून होते. त्याचं समर्थन करायला नाही. इतकी माणसं मारणारा माणूसच असतो, ही भीती नजरेआड करायची नाही म्हणून. आणि हा अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला, त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. म्हणजे शोकात दुसऱ्याला जागा दिली तर लोक रागावतात, हे बहाणं खोटं आहे. काही रागावतात. स्टीव्ह अर्लनं त्याच वर्षी तालिबानमध्ये गेलेल्या एका अमेरिकन पोरावर गाणं केलं, त्यात कलमा ऐकू येतो, तर त्याला देशद्रोही ठरवणारे निघालेच. पण गाणं टिकलं.

माझी कसोटी साधी आहे. गाणं ऐकताना गेलेला माणूस डोळ्यांसमोर येतो की शत्रू? गेलेला आला तर ते स्मरण. शत्रूच येत असेल तर ती भरतीची दवंडी आहे, मग तिला कितीही चांगली चाल लावा.

आता थोडं आपल्या लोकांशी

इथवर वाचून माझे काही मुसलमान वाचक खूश झाले असतील. थांबा. तुमच्याशीही बोलायचं आहे.

२००८ च्या त्या कार्यक्रमाचं मी घरी सांगितलं तेव्हा नात्यातल्या एकानं तीन गोष्टी ऐकवल्या. एक, गिटार-बिटार हराम, तू तिथं थांबलासच का? दोन, ते त्यांचं दुःख. तीन, इराकमध्ये लाखो मेले तेव्हा कुणी मेणबत्ती लावली होती?

संगीताचा वाद हजार वर्षं चालू आहे, तो माझ्यानं मिटणार नाही. पण रडण्याबद्दल वाद नाही. पैगंबर (स.) आपल्या तान्ह्या इब्राहिमच्या मृत्यूवर रडले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ‘त्यांचं दुःख’ याचं उत्तरही तिथंच आहे. समोरून एका यहुद्याची अंत्ययात्रा जात होती, पैगंबर उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, तो यहुदी होता. त्यांनी विचारलं, तो जीव नव्हता का? एवढ्यावर विषय संपायला हवा. आणि सीएसटीवर मेलेल्यांत मुसलमान नव्हते का? होते. मुंबईच्या जमातीनं हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला तो कुणाला बरं दिसावं म्हणून नव्हे. मारले गेले ते आपलेच होते म्हणून.

राहिला इराकचा प्रश्न. तो खरा आहे, आणि मी तो सोडणार नाही. पण एका मयतावर दुसरी मयत दाखवून पहिलीचा शोक टाळणं हा हिशेब दुकानात चालतो, कब्रस्तानात नाही. इराकच्या पोरांसाठी तुम्ही मेणबत्ती लावा, मी येतो. अमेरिकेतल्या लाखो लोकांनी २००३ मध्ये युद्धाविरुद्ध मोर्चे काढलेच होते. ‘इमॅजिन’ म्हणणाऱ्या त्याच नील यंगनं २००६ मध्ये आख्खा अल्बम आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध काढला. शोकात सामील झालेल्यालाच तो शोक युद्धासाठी वापरू नका असं सांगण्याचा हक्क मिळतो. बाहेर उभं राहून नाक मुरडणाऱ्याला मिळत नाही.

आणि आपण हे विसरावं? आपली तर सगळी परंपराच शोकाच्या गाण्याची. करबलानंतर बीबी जैनब यांनी दमास्कसमध्ये जो शोक केला तो यजीदच्या सत्तेच्या तोंडावर. आपल्याकडं मोहरममध्ये गावोगावी रिवायती गातात, मराठीत गातात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात उंचच उंच ताबुतांच्या भेटी होतात, तेव्हा खांदा देणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे कुणी मोजत नाही. हुसेनच्या शोकात आलेल्या पाटलाला किंवा कुंभाराला आपण कधी म्हणालो का, की जरा पुढं या, तुमच्या समाजाच्या वतीनं दोन शब्द बोला? तो दरवर्षी येतो, खांदा देतो, घरी जातो. बार्शीच्या मेहबूब पटेलांनी अमर शेख होऊन संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांसाठी डफावर थाप मारली, तेव्हा महाराष्ट्रानं त्यांच्याकडं प्रमाणपत्र मागितलं नाही. ते मुसलमानांच्या वतीनं गात नव्हते. महाराष्ट्र म्हणून गात होते.

तेवढंच माझं मागणं आहे. पुन्हा कुठं स्फोट होऊ नये, ही दुआ. पण झाला, आणि कुणी गिटार काढली, तर मी येईन. मला कुणी बोलवायची गरज नाही. मी मागच्या रांगेत उभा राहीन, कारण मला तिथूनच नीट रडता येतं. आणि त्या वेळी कुणी चांगल्या मनाचे वरिष्ठ माझ्याजवळ येऊन म्हणाले की जरा पुढं या, तर मी त्यांचा हात धरून त्यांना माझ्या शेजारी उभं करेन. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं मागंच थांबू.